सवडीचा संन्यास

तात्या हे कुणा एकाचं नाव नाही, ते पद आहे. जिंतुरात दर दोन गल्ल्यांआड एक तात्या सापडतो. कुठं त्याला अण्णा म्हणतात, कुठं गुरुजी, कुठं नुसतंच ‘ते पेन्शनवाले’. वय सत्तरीच्या पुढं, नोकरी करून झालेली, पोरींची लग्नं उरकलेली, बीपीची गोळी चालू आणि मन संसारातून उडालेलं. मन उडाल्याची बातमी ते स्वतःच देतात. ती ऐकायला माणूस मिळावा म्हणून सकाळी सातलाच बसस्टँडासमोरच्या हॉटेलात येऊन बसतात.

“काय तात्या, काय करूलालाव?”

“काय करायचं आता? बसलालो. आपलं काय राहिलंय इथं?”

इथं राहिलेला असतो तो अर्धा कप चहा. तो संपला की तात्या दुसरा मागवतात, तोही ‘आता सगळं सोडायचंच आहे’ असं म्हणत.

जिंतुरात हे वेड लागणं नवलाचं नाही. गावाला रेल्वे नाही, पण परभणी, जालना, औंढा असे रस्ते येऊन मिळतात आणि साधू माणसं रस्त्यानंच येतात. गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आहे, डोंगरातली दिगंबर जैनांची जुनी लेणी. त्यामुळं पिंछी-कमंडलू घेतलेले मुनी पायी येताना दिसतात. औंढ्या नागनाथाला निघालेले जटाधारी गोसावी याच रस्त्यानं जातात. महानुभावांचे महंत येतात, कीर्तनकार महाराज बोलेरोतून येतात, विहारात भन्ते येतात, जंगम येतात, फकीरबाबा येतात. इतक्या जातीचे विरक्त दारावरून गेल्यावर एखाद्याला वाटणारच, की आपणच तेवढे मागं का?

तात्यांचा नातू इंग्रजी शाळेत तिसरीला आहे. त्याला गृहपाठ आला होता, ‘मंक’ म्हणजे काय ते मातृभाषेत लिहून आणा. तात्यांच्या मुलाला हा शब्द एकाच संदर्भात ठाऊक होता. तो मंक मोहन मीकिनवाले १९५४ पासून बाटलीत भरून विकतात. वहीत ते लिहिणं बरं दिसेना, म्हणून पोरगं आजोबांकडं आलं.

“लिही, महाराज,” तात्या म्हणाले. मग स्वतःच थांबले. महाराज म्हटलं तर कीर्तनकारही महाराज, कोल्हापूरचे छत्रपतीही महाराज आणि लग्नात जेवण रांधणारा आचारीही महाराजच.

“खोडून टाक. मुनी लिही. नको, मुनी म्हटलं की दिगंबर. त्यांच्यातही अंगावर लंगोटी असली तर ऐलक, वर एक पांघरायचं वस्त्र असलं तर क्षुल्लक. पांढऱ्या साडीतल्या त्या आर्यिका. मुनींना ‘नमोस्तु’ म्हणायचं, आर्यिकांना ‘वंदामि’, क्षुल्लकांना ‘इच्छामि’. लिहिलंस?”

“आजोबा, एकच ओळ आहे.”

“भिक्खू वेगळा. त्याला ‘वंदामि भन्ते’. महानुभावांना ‘दंडवत प्रणाम’. नाथपंथी भेटला तर ‘आदेश’. दशनामी असला तर ‘ओम नमो नारायण’. त्या दशनाम्यांची दहा नावं पाठ कर: गिरी, पुरी, भारती, बन, अरण्य, पर्वत, सागर, तीर्थ, आश्रम, सरस्वती.”

यातल्या गिरी, पुरी, भारती, बन यांची मराठवाड्यात रेशनकार्डंही आहेत. कधीकाळी कुणा पूर्वजानं घर सोडलं, पुढं कुणीतरी परत घर केलं, शेती घेतली, दुकान टाकलं आणि संन्यासातलं नाव आडनाव होऊन बसलं. तात्या या गोष्टीकडं आशेनं बघतात. गेलेल्यांना परत येता येतं, याचा हा सातबाराच आहे.

पोराला झोप यायला लागली तेव्हा तात्यांनी निकाल दिला. “लिही, मंक म्हणजे माझे आजोबा.” पोरानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. शब्दाचं ग्रीक मूळ काढलं तर अर्थ निघतो एकटा राहणारा, तेव्हा बाईंचं बरोबरच होतं. तात्या एकटे असल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. संडासातूनही ते बाहेरच्यांशी बोलत असतात.

आता तात्यांचा पंथ. तो कुठल्याच परंपरेत बसत नाही, कारण त्यांनी सगळ्यांकडून एकेक नियम उसना घेतलाय. दिगंबर मुनींचे मूलगुण अठ्ठावीस. त्यात स्नान न करणं आहे. ते तात्या डिसेंबर-जानेवारीत कटाक्षानं पाळतात. जमिनीवर झोपणं आहे, ते एप्रिल-मेमध्ये. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात गच्ची तापते, तेव्हा खालच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर उघड्या अंगानं पडण्यात जे वैराग्य आहे ते पलंगावर नाही, हे आम्हीही मान्य करू. मुनी दोन ते चार महिन्यांनी हातानं केस उपटतात, त्याला केशलोच म्हणतात. तात्यांची त्यालाही तयारी आहे. डोक्यावर उपटण्यासारखं काही उरलेलं नाही.

खरा कहर जेवणात. मुनींचा आहार दिवसातून एकदा, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. घासात केस निघाला, किडा दिसला की तो अंतराय. ओंजळ सुटली की सुटली, त्या दिवशी पुन्हा अन्न नाही की पाणी नाही. शिवाय आहाराला निघताना मुनी मनाशी एखादा गुप्त नियम धरू शकतात, की दारात अमुक गोष्ट दिसली तरच आहार घेईन. ते दिसलं नाही तर उपाशी परत. श्रावक मंडळी शुद्ध सोवळ्यात दाराशी कलश, नारळ घेऊन उभी राहतात, आणि मुनींच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधताना त्यांचा जीव टांगणीला लागतो.

हे सगळं तात्यांनी कधीतरी जवळून पाहिलं आणि घरी लागू केलं. ताटात दोडका दिसला की “अंतराय” म्हणून हात झटकून उठतात. मनात ठेचा-भाकरी धरून बसायचं आणि समोर पोळी आली की, “विधी मिळाला नाही,” असं म्हणून भिंतीकडं तोंड करायचं. फरक एवढाच, की मुनी उपाशी परततात आणि तात्या अर्ध्या तासानं ठेचा-भाकरी खातात.

सून बिचारी मर्यादशील. पहिले काही दिवस तिनं विचारून पाहिलं, “मामा, आज मनात काय आहे ते आधी सांगा की, तसंच करते.”

“सांगितलं तर नियम कसला गं?”

मग ती हुशार झाली. आता ती रोज सकाळी भाजीच्या गाडीवर तात्यांनाच पाठवते. वांगी आणली की मनात वांगी आहेत.

भिक्खूंकडून त्यांनी दुपारी बारानंतर न जेवण्याचा नियम घेतलाय. चार वाजता चिवडा होतो, पण त्याला ते जेवण म्हणत नाहीत. महानुभावांच्या आचारधर्मातलं भिक्षा मागणं आणि एका गावात न रेंगाळणं त्यांना तत्त्वतः पटलं. भिक्षेबद्दल एकच अट, ओळखीच्या घरी मागायची, म्हणजे भाजीत तिखट किती घालायचं ते त्या घरच्यांना आधीच ठाऊक असतं. कीर्तनकारांकडून त्यांनी पाय पुढं करणं तेवढं घेतलं. घरी कुणी पाहुणा वाकायला लागला की तात्यांचे पाय चपलेतून आधीच बाहेर आलेले असतात.

नेमगिरीला ते दर रविवारी संध्याकाळी मंडळी घेऊन जातात. तिथल्या गुहांत वाकूनच शिरावं लागतं. अंतरिक्ष पार्श्वनाथाची भलीमोठी मूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे, ती दाखवून तात्या एकदा म्हणाले, “माझंही असंच आहे बघा. संसाराला टेकलोय खरा, पण एवढ्याशा दगडावर.”

“त्या दगडाला पेन्शन म्हणतात,” मागून कुणीतरी म्हणालं. गुहेत आवाज घुमतो, त्यामुळं कोण म्हणालं ते कळलं नाही.

एका विषयावर मात्र तात्या कधी गंमत करत नाहीत आणि आम्हीही करू देत नाही. कुंथलगिरीला १९५५ साली आचार्य शांतिसागरांनी सल्लेखना घेतली, महिन्याहून अधिक काळ अन्न सोडून देह ठेवला. हा विषय निघाला की तात्या चहाचा कप खाली ठेवतात. त्यांच्या आवाजात तेव्हा जे येतं ते खरं असतं. म्हणूनच त्यांना नुसतं बोकेसंन्यासी म्हणून मोकळं होता येत नाही. डोंगर किती उंच आहे हे त्यांना ठाऊक आहे; पायथ्याशी चहाची सोय आहे, एवढंच.

तर एका उन्हाळ्यात मुनिसंघाचा गावातून विहार झाला. विहार म्हणजे पायी प्रवास. सूर्य उगवल्यावर निघायचं आणि पुढची चार हात जमीन बघत चालायचं, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. तात्यांनी जाहीर केलं, की आपण बोरीपर्यंत बरोबर जाणार, तेही अनवाणी. बायकोनं, म्हणजे काकूंनी, पायाला लावायला खोबरेल दिलं, ते त्यांनी नाकारलं. मोजे मात्र घातले. मोजा म्हणजे काही चप्पल नव्हे, असं त्यांचं शास्त्र.

मुनी झपझप चालतात, बोलत नाहीत. तात्यांची पंचाईत पायांची नव्हती, ती होती या न बोलण्याची. पहिल्या तासात त्यांनी पिंछी मोरपिसांचीच का, ती पिसं मोर स्वतः टाकतो का, पावसाळ्यात कमंडलूचं काय, असे प्रश्न हवेत सोडले. ते हवेतच राहिले. नऊच्या सुमारास डांबर तापलं. मोज्यांना टाचेशी भोकं पडली, मग अंगठ्याशी पडली, आणि मग मोजे घोट्याशी गोळा होऊन नुसते पैंजणासारखे उरले. मुक्कामावर तात्या कसेबसे पोहोचले आणि मुनींसमोर बसून म्हणाले, “महाराज, मलाही दीक्षा द्या.”

मुनींनी त्यांच्या मोज्यांकडं बघितलं. हसले नाहीत. एवढंच विचारलं, “घरच्यांची संमती घेतली?”

हा प्रश्न तात्यांनी कधी धरलाच नव्हता. संन्यास म्हणजे रात्री उठून निघायचं, बायको झोपेत, पोरं झोपेत, असं त्यांचं चित्र. जांबेचे समर्थ बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून पळाले, ही गोष्ट ते नेहमी सांगतात. वर म्हणतात, “माझ्या लग्नात बँडच एवढा जोरात होता, की सावधान ऐकूच आलं नाही. नाहीतर आज चित्र वेगळं असतं.” पण परवानगीशिवाय जाण्याचा दुसरा दाखलाही मराठी माणसाला पाठ आहे. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेऊन बसले, बायको घरी असल्याचं गुरूला कळलं, परत पाठवले गेले. आणि त्यांच्या चार लेकरांना संन्याशाची पोरं म्हणून सगळं सोसावं लागलं. असं होऊ नये म्हणूनच संन्यास मागायला आलेल्याला आधी घर विचारतात.

तात्या एसटीनं परतले. पाय बादलीत बुडवून त्यांनी काकूंपुढं विषय काढला. आवाज गंभीर, डोळे किंचित ओले. रडारड होईल, पोरं पाया पडतील, सून पदर तोंडाला लावील, मग आपण म्हणू ‘ठीक आहे, तुमच्यासाठी राहतो’, अशी सगळी मांडणी तयार होती.

“जावा की,” काकू म्हणाल्या. “कधी निघायलाव?”

त्यानंतर दोन दिवस तात्या कुणाशी बोलले नाहीत. गावात चर्चा झाली, की तात्यांनी मौन धरलंय. मौन कसलं, धक्का बसला होता. वैराग्याला अडवणारं कुणी नसेल तर ते दाखवायचं कुणाला?

मग सुरू झाली कारणं शोधण्याची मोहीम. संन्याशाच्या लग्नाला शेंडीपासून तयारी म्हणतात; तात्यांच्या संन्यासात अडचणी कागदपत्रांपासून. हॉटेलात चहाला एक वकील येतात. ते म्हणाले, “तात्या, संन्यास घेताना स्वतःचं श्राद्ध स्वतः घालावं लागतं, माहीत आहे ना? जुन्या हिंदू कायद्यात संन्यासी म्हणजे मेलेलाच माणूस. मालमत्ता वारसांची.”

तात्यांनी हातातली बशी खाली ठेवली. “आणि नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो त्याचं?”

“तेच म्हणतो. ऑक्टोबरात श्राद्ध घालायचं आणि नोव्हेंबरात सही करायला जायचं, जरा विचित्र दिसेल.” वकिलांनी आणखी भर घातली, “१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नवऱ्यानं संन्यास घेतला तर बायकोला त्या कारणावर घटस्फोटही मागता येतो.”

ही गोष्ट तात्यांनी घरी धमकीसारखी सांगितली. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अर्ज परभणीला करायचा का इथंच होतो?”

दिगंबर मार्ग अवघड आणि दशनामी मार्गात पेन्शनचा घोळ, म्हणून तात्या बुद्धविहाराकडं वळले. भन्तेंनी प्रेमानं बसवून घेतलं. दहा दिवसांची श्रामणेर शिबिरं होतात, चीवर घालायचं, शील पाळायचं, संपलं की परत संसारात यायला मोकळे, हे ऐकून तात्या पुढं सरकले. परतीची सोय असलेला संन्यास त्यांनी आयुष्यभर शोधला होता. पण भन्तेंनी पुढंही सांगितलं. पूर्ण भिक्खू व्हायचं तर संघासमोर उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. अमुक रोग नाहीत ना? आईबापांची परवानगी आहे ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? डोक्यावर कर्ज नाही ना?

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही सरकारी नोकर आणि कर्जदार यांचा पूर्ण अंदाज होता, हे बघून आम्हाला आदर वाटला. तात्यांना वाटला आनंद. आईबाप कधीच वारलेले, चाकरी संपलेली. पण जावयाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ते जामीन आहेत! “अडलं ना तिथंच,” हे त्यांनी हॉटेलात इतक्या समाधानानं सांगितलं, की हॉटेलवाल्यानं पेढा मागितला.

ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं. जावई निघाला सरळ, काय करणार. मग तात्यांनी शेवटचं ठाण मांडलं ते पंचाहत्तरीवर. पंचाहत्तर पूर्ण झाली की एसटी फुकट. २०२२ साली सरकारनं अमृत ज्येष्ठ नागरिक म्हणून ही सवलत आणली, तेव्हा तात्या भारावून म्हणाले होते, “बघा, सरकारनं परिव्राजकांची सोय केली.” परिव्राजक पायी फिरतो, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. बोरीच्या रस्त्यावरचे मोजे सगळ्यांच्या लक्षात होते.

पण इथं आधार कार्ड आडवं आलं. त्या काळी पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी अंदाजानं १ जून ही तारीख टाकून द्यायचे. त्यामुळं मराठवाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. तात्यांच्या आईच्या हिशोबानं ते दोन वर्षांपूर्वीच पंचाहत्तरीचे झालेत. कंडक्टर मात्र आईचा हिशोब धरत नाही, आधार बघतो. थोडक्यात, आत्मा तयार आहे, तारीख राहिलीय.

ती तारीख आता येत्या १ जूनला आहे. काकूंनी मे महिन्यातच माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. त्यात दोन लुंग्या, बीपीच्या गोळ्या, चार्जर आणि चिवड्याचा डबा. परवा संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “मग एक तारखेला सकाळच्याच गाडीनं का?”

तात्या आभाळाकडं बघत म्हणाले, “जून म्हणजे पेरणीचे दिवस. पोराला एकट्याला सोयाबीन उरकंल का?”

“बरं. पेरणी झाल्यावर.”

“पेरणी झाली की आषाढी. आषाढीला चातुर्मास लागतो. तुला माहीत नाही, मुनी असो, भिक्खू असो, संन्यासी असो, पावसाळ्यात कुणीच फिरत नाही. पायाखाली जीवजंतू मरतात. असाल तिथंच थांबायचं, असं शास्त्रच आहे.”

“मग चार महिने कुठं थांबणार?”

“चातुर्मास लागताना जिथं असेन तिथं. म्हणजे इथंच.”

“आणि कार्तिकात?”

“कार्तिकात निघायचंच. पण नोव्हेंबरात ते हयातीचं आहे.”

काकूंनी बॅग जवळ ओढली आणि चेन उघडली. “मग लुंग्या काढते यातल्या. उद्या धुणं आहे. आणि डबा रिकामा करून द्या, पोराला शाळेत न्यायला लागतो.”

तात्यांनी डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि आधी आमच्यापुढं धरला.